तीन कानांचा फोन

“हात उचल. घरात मढं आलंय.”

आईचा तो आवाज नऊ वर्षांपूर्वीचा. ओरडली नव्हती ती. कोंबड्या आत घे, चूल बघ, असं सांगावं इतक्या साध्या स्वरात बोलली होती. ओसरीवर आम्ही दोघी शेजारी शेजारी मागाला बसलेलो, कमरेला पट्टे, पाय पुढे पसरलेले. दोघींच्या मधे चटईवर शेजारच्या पास्कालियाचा उसना आणलेला फोन होता आणि त्या फोनातून माझ्या थोरल्या बहिणीचा, समुद्रापलीकडे पिनांगला नोकरीला गेलेल्या क्रेसेन्सियाचा, महिन्याभराने पहिल्यांदा आवाज येत होता.

“इना? इना, मी पोचले गं.”

आईने बाणा ठोकायची लाकडी पट्टी अलगद मांडीवर ठेवली. मलाही ठेवायला लावली. आमच्याकडे घरात मयत असेतो उखळ वाजत नाही, माग वाजत नाही. माती पडेपर्यंत बायका हात बांधून बसतात. तशी ती बसली, समोरच्या नारळाकडे बघत. फोन बोलत राहिला.

“नोना, इना आहे ना तिथे? काही बोलत का नाही?”

“आहे, वुए,” मी म्हटलं. “ओसरीवर आवाज तुटतोय. तिला ऐकू येत नाहीये.”

आईला आम्ही इना म्हणतो, थोरलीला वुए. नोना म्हणजे मी, धाकटी. माझं खरं नाव वेनेरांडा आहे, पण ते फक्त चर्चच्या वहीत. फोन बंद झाल्यावर आई उठली, करवंटीत पाणी घेतलं आणि हात धुतले, कोपरापर्यंत, मसणातून आल्यावर धुतात तसे. मग पुन्हा मागावर बसली. तेव्हापासून आजपर्यंत, वुएचा फोन आला की माग थांबतो आणि फोन गेला की हात धुतले जातात. एकदाही चुकलेलं नाही. रविवारची प्रार्थना आईने चुकवली असेल, हे नाही.

ज्या कापडापायी हे झालं ते वुएच्या लग्नाचं सारोंग होतं. दोन वर्षं आईने त्याचं सूत नक्षीप्रमाणे गाठी मारून बांधलं, आल झाडाच्या मुळांच्या तांबड्या रंगात बुडवलं, सोडलं, पुन्हा बांधलं, निळीत बुडवलं. मागावर चढवलं तेव्हा धाग्यांत नक्षीची नुसती सावली दिसायची, पाण्याखाली मासे दिसतात तशी. विणताना आई गुणगुणायची:

ताणा गं आईचा, बाणा गं लेकीचा,
एक जरी तुटला, पोत जातो दोघींचा.

आणि ठोके मारायची दोन. सगळ्या गावात बायका एक ठोका मारतात, आई दोन. एक मोठा, एक हलका. वुए लहानपणी मागाखाली झोपायची, तिने विचारलं होतं म्हणे, दोन का? आई म्हणाली, “एक कापडाला, एक तुला.” मी जन्मले त्यानंतरही ठोके दोनच राहिले. तिसरा काही वाढला नाही.

आमच्या घरची चाल अशी की ज्या मुलीचं कापड मागावर आहे तिने ते उतरेपर्यंत परमुलखाला पाऊल टाकायचं नाही. पिनांगच्या कारखान्याचं नोकरीचं पत्र आणि बोटीचा दिवस आला तेव्हा कापड गुडघ्याएवढं झालं होतं.

“इना, जरा भराभर विण ना,” वुए म्हणाली.

“कापड म्हणजे केळं नव्हे, धूर देऊन पिकवायला.”

“बोट थांबणार नाही.”

“मग जाऊ दे तिला.”

बोटीच्या दिवशी पहाटे आई ओढ्यावर गेली असताना वुएने सुपारी कातरायच्या सुरीने ताणा कापला. सगळा, या काठापासून त्या काठापर्यंत. धागे तुटताना आवाज झाला नाही, नुसते मागे सरकले, गोगलगायीची शिंगं सरकतात तसे. मी दारात उभी होते. वुएने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती थांबली असती का, कोण जाणे. पण ती जावी असं मला वाटत होतं, हे मला माहीत आहे. मला तो दुसरा ठोका हवा होता.

आई रडली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते अर्धं कापड घडी करून पेटीत ठेवलं आणि पेटी अंगणात बाबांच्या थडग्याशेजारी पुरली. गवंडी बोलावला. बाबांना साधं सिमेंट आहे, ह्याला पांढऱ्या फरश्या, निळी किनार. वर क्रूस, क्रूसावर नाव: क्रेसेन्सिया. खाली जन्माची तारीख, पुढे रेघ, रेघेपुढे बोट सुटली ती तारीख.

फादर आले ते पाणी न शिंपडताच परत गेले. “जित्या माणसाच्या थडग्याला मी आशीर्वाद देणार नाही, दुआ लोदान.” आईला सगळं गाव ह्याच नावाने हाक मारतं.

“नका देऊ,” आई म्हणाली. “पाऊस शिंपडेल.”

त्या दिवसापासून आई एकच ठोका मारते. दुसरा तिने पेटीबरोबर पुरला. मला तो मिळाला नाही. मिळेल असं जिला वाटलं होतं ती मूर्ख होती.

अंगणात थडगं असणं आमच्याकडे नवलाचं नाही. मेलेली माणसं दारातच असतात. त्यांच्यावर बसून आम्ही मका सोलतो, उवा मारतो, कोकोच्या बिया वाळत घालतो. वुएच्या फरश्या गुळगुळीत, उन्हात लवकर तापतात, त्यामुळे बिया तिथे चांगल्या वाळतात. आणि आणखी एक गोष्ट अशी की आमच्या वाडीत फोनची रेंज पुरती कुठे येत असेल तर ती तिथेच. ओसरीवर तुटते, विहिरीपाशी मरते, क्रूसाला पाठ लावून बसलं की पाची दांड्या उभ्या राहतात. तेव्हा नऊ वर्षं मी वुएशी बोलते ती तिच्या थडग्यावर बसून, तोंड घराकडे करून. चित्र कधी लावलंच तर तिला दिसतं छप्पर आणि मागची केळ; माग मी चौकटीबाहेर ठेवते. अंगण तिने कधी पाहिलं नाही.

गावातल्या कुणी सांगितलं नसेल का? नाही सांगितलं. पास्कालिया एकदा म्हणाली होती, “मेलेल्याला मेल्याची बातमी कोण देणार, नोना? जीभ झडायची.” तिला नसत्या भानगडी सांगायची फार हौस, पण ह्या बाबतीत ती देखील गप्प.

पहिला फोन वुएने त्याच वर्षी नाताळला पाठवला. निळा, छोटा, मागे फोटोचा एक डोळा. फोन करून म्हणाली, “आता पास्कालियाकडे जायला नको. आणि एक ऐक. इना रागावलीय ना माझ्यावर?”

“थोडीशी.”

“राहू दे. नको बोलू दे तिला. तू फक्त फोन तिच्या मागाजवळ धरत जा. तो ठोका ऐकला ना, की मला कळेल घर आहे आणि मी त्यात आहे. दुसरं काही नको मला.”

मी फोन मागाकडे धरला. आई हात बांधून बसली होती. वाऱ्याने केळीचं पान फाटलं त्याचा आवाज गेला असेल तेवढाच.

“काही येत नाहीये गं.”

“विणतेय ती,” मी म्हटलं. “फोन तो आवाज घेत नसेल.”

मी हे तिला दुखू नये म्हणून बोलले. त्या वर्षी तरी तसंच होतं. पुढच्या नाताळला दुसरा फोन आला, आणि मग माझं मन बदलू लागलं.

वुएच्या कारखान्यात फोनचे कान करतात, आवाज टिपणारे. मोहरीएवढे कान. पांढरा झगा घालून, तोंड बांधून, भिंगाखाली ती दिवसभर कान तपासते: फुटका, बहिरा, बरा. त्यामुळे तिचा सगळा विश्वास कानांवर. वर्षाच्या शेवटी कारखान्यातल्या पोरी नवा फोन घ्यायच्या तेव्हा ही दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारायची, “ह्याला ऐकू कसं येतं?” दुकानवाला तिला फोटो दाखवायचा.

“तीन डोळे लावलेत ह्या वर्षी,” ती मला सांगायची. “चंद्रावरचा खड्डा दिसतो म्हणे. मला काय करायचाय चंद्र? मी डोळा मागितला होता का? मागच्या वर्षी म्हणाले पातळ केलाय. त्याच्या आधी म्हणाले पाण्यात टाकला तरी चालतो. अगं, मी काय आईला पाण्यात टाकून बोलणार आहे? दर वर्षी नवं, दर वर्षी महाग, आणि मला हवं ते सोडून सगळं.”

“खरंय, वुए.”

“कोंबडा ऐकू येतो. डुक्कर ऐकू येतं. पास्कालियाचा खोकला इतका स्वच्छ येतो की मला इथे कसंतरी होतं. आणि माझ्या आईचा माग तेवढा येत नाही?”

हा प्रश्न अवघड होता. त्याचं उत्तर मला बंदरावरच्या दोनातुसने दिलं. त्याचं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्याला सहज विचारलं, कोंबडा ऐकू यावा आणि माग येऊ नये असं होतं का?

“होतं की,” तो म्हणाला. “नवे फोन शहाणे झालेत. एका लयीत काही वाजलं की त्यांना वाटतं पंखा आहे. पुसून टाकतात. माणसाचा आवाज तेवढा ठेवतात.”

मी ते उत्तर मोत्यासारखं जपून घरी आणलं. वुएला सांगितलं. 

“हो,” ती म्हणाली. “करतात तसं. आमच्याकडेच शिकवतात कानांना, काय ऐकायचं नाही ते. माझ्या आईला पंखा समजतात होय मेले.”

त्यानंतर सगळं सोपं झालं. दर नाताळला नवा फोन यायचा. मी तो थडग्यावर बसून उघडायची, खोक्याचा तो करकरीत वास घ्यायची, मग मागाकडे धरायची. आई हात बांधायची. मी म्हणायची, “नाही गं वुए, हा तर आणखीच पुसतो.” ती म्हणायची, “मला वाटलंच. बघते पुढच्या वर्षी.” पाण्यात टाकायचा फोन आला, घडी घालायचा आला, चेहरा बघून उघडणारा आला. पोरी माझ्याकडे फोटो काढून घ्यायला यायच्या. बंदरावर गेले की दोनातुस म्हणायचा, “आमच्या दुकानाआधी तुझ्याकडे माल येतो बाई.” आठ फोन झाले. जुने मी पत्र्याच्या डब्यात उभे करून ठेवलेत, थोरला धाकटा करून, घरात भावंडं उभी करतात तसे.

आता ज्या गोष्टीचा मला फादरसमोर उच्चार करता आला नाही ती इथे सांगते. वुएला मागाचा आवाज मिळवून देणं मला अवघड नव्हतं. ती फोनवर नसताना आई दिवसभर विणतेच. बटण दाबायचं, आवाज धरायचा, पाठवायचा. पोरंसुद्धा करतात. तिने एकदा सुचवलंही होतं, “तूच धरून पाठव ना.” मी म्हटलं, “धरला होता. त्यातही पुसला जातो.” तिने विश्वास ठेवला. कानांबद्दल सगळं माहीत असलेली बाई, पण मी सांगितलेलं खरं मानायची. खरा आवाज पाठवला असता तर तिने एक ठोका ऐकला असता, दुसरा कुठे म्हणून विचारलं असतं. असं मी स्वतःला समजावायची. पण त्या वर्षी घडीचा फोन येणार होता.

आणि आई? तिला सगळं दिसत होतं. दर नाताळला खोकं उघडताना ती बघायची. एकदा तेवढं बोलली, “मढ्याच्या अंगावरचं काढून घ्यायला तुला बरं जमतं.”

“तूच मढं केलंस,” मी म्हटलं.

“मी पुरलं. तू अजून चरतेस.”

आणि तिने एक ठोका मारला. सर्व आत्म्यांच्या दिवशी ती वुएच्या फरशीवर मेणबत्ती लावून तास तास बसते, पुटपुटत राहते. माझ्याशी ती वर्षभरात तितकं बोलत नाही. त्या पांढऱ्या फरशीचा मला जितका हेवा वाटला तितका वुएचा ती जिती घरात असतानाही वाटला नव्हता.

ह्या वर्षी फोन लवकर आला, ऑक्टोबरातच. जड, काळा, आरशासारखा. पार्सल पोचल्याचं बघून वुएने लगेच फोन केला. आवाजात धाप होती.

“नोना, ह्यात तीन कान आहेत. एक खाली, एक वर, एक डोळ्यांच्या शेजारी. आमच्याच कारखान्यातले. त्यातला एखादा माझ्या बोटांखालून गेला असेल. आणि ऐक, आत एक बटण आहे, सगळे आवाज ठेवायचं. काही पुसत नाही. मी इथे पंख्यासमोर धरून बघितलंय, पंखा ऐकू येतो.”

“बरं.”

“बरं काय? हा शेवटचा. हाही बहिरा निघाला तर मी फोनच्या नादाला लागणार नाही. सरळ येते. नाताळची रजा मागितलीय. माझ्या कानांनी ऐकते, पायऱ्यांवर बसून. इनाने हाकललं तर हाकललं.”

मी खोक्याचं झाकण परत लावलं.

“अगं, ऐकतेयस ना? नऊ वर्षांनी येतेय तुझी वुए, जरा तरी आनंद दाखव.”

“दाखवते की,” मी म्हटलं.

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. आधी डबा आला, त्यातले उभे फोन, आणि त्यांच्यापुढची रिकामी जागा. मग दुसरं आलं: वुए मोटरसायकलवरून उतरेल, पिशव्या खाली ठेवेल, वर बघेल, आणि घर दिसायच्या आधी तिला स्वतःचं नाव दिसेल. त्यावर वाळत घातलेला कोको दिसेल. आणि ओसरीवर आई हात बांधून बसलेली असेल, आणि बसूनच राहील, वुए असेपर्यंत.

ते होऊ द्यायचं नव्हतं मला. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ह्याची फोड मी केली नाही.

बुधवारी बाजार असतो. आई पास्कालियाबरोबर विड्याची पानं विकायला सकाळीच जाते आणि दुपार कलल्याशिवाय परतत नाही. मी वुएला बुधवारीच, तिच्या सुट्टीच्या वेळी फोन लावला.

“आज लावून बघू,” मी म्हटलं. “इना विणतेय. तू मात्र बोलू नकोस, तिला कळता कामा नये.”

“तोंड दाखव ना तिचं. लांबून.”

“चित्राने रेंज खाल्ली जाते. नुसता आवाज घे.”

“बरं बरं. ते बटण दाबलंस?”

“दाबलं.”

मी फोनचा आवाज पुरता मोठा करून तो क्रूसाला टेकवून फरशीवर उभा केला, तिन्ही कान ओसरीकडे करून. मग पळत ओसरीवर गेले आणि आईच्या मागात शिरले. तिच्या मागाला तिच्या परवानगीवाचून हात लावायचा नसतो. पट्टा तिच्या कमरेच्या मापाचा, मला सैल. तेलाचा आणि तंबाखूचा वास येत होता त्याला. मी धोटा सारला, पट्टी उचलली आणि ठोकली. एक मोठा. एक हलका.

टाक, टक.

आधी हात अडखळला. मग सापडलं. नऊ वर्षं मनात ऐकत आले होते मी ते, जे माझं नव्हतं ते. टाक, टक. टाक, टक. थडग्यावरून काही आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. मग वुएचा श्वास आला, ओला. ती तोंडावर हात धरून रडत होती.

“येतंय,” ती कुजबुजली. “नोना, येतंय. दोन्ही येतायत.” मग तिकडेच कुणाला तरी, “अगं इकडे या, इकडे या. माझी आई आहे. ऐका.” पोरींचे आवाज आले, कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, “घड्याळासारखी ठोकते गं म्हातारी.” वुए म्हणाली, “दुसरा हलका आहे ना, तो माझा. अजून मारते ती. अजून मारते बघा.”

मी मारत राहिले. आता थांबायचं कसं तेच कळेना. कपाळावरून घाम नाकावर आला. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आईच्या पट्ट्यात बसून, आईच्या हाताने, कुणालातरी लेक मानून ठोका मारत होते मी.

“इना,” वुए बोलू नको म्हणून सांगितलं असतानाही बोललीच, मोठ्याने, सगळं अंगण ऐकेल असं. “इना, मी कापलं ते चुकलं माझं. तू हाकललंस तरी चालेल, पण ठेवलंयस का ते अर्धं कापड? जोडता येईल का गं? मी आता गाठी मारायला शिकलेय, केसाएवढ्या तारा जोडते मी इथे. मी जोडेन इना. तू नुसती बस.”

टाक, टक.

“अजून विणते आहे,” वुए पोरींना म्हणाली. “म्हणजे ऐकून घेतलंय तिने.”

तेव्हा मी मान वर केली. फाटकात आई उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत अर्धी पानं तशीच. मागे पास्कालिया, तोंडावर पदराचं टोक धरून. बाजार लवकर मोडला होता की आईला काही कळलं होतं, कोण जाणे. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, तिच्या पट्ट्यात बसलेल्या माझ्याकडे. मग क्रूसाला टेकवलेल्या काळ्या फोनकडे. टोपली उतरवून जमिनीवर ठेवली, एक पान खाली पडलं होतं ते उचलून परत टोपलीत घातलं.

माझा हात हवेत होता. मी तो हलका ठोका मारणार होते.

“हात उचल,” आई म्हणाली. त्याच स्वरात, नऊ वर्षांपूर्वीच्या. “घरात मढं आहे.”

हा फोन आधीच्या आठांसारखा नव्हता. त्याने काही पुसलं नाही.

पलीकडे पोरींचं हसणं थांबलं. मी पट्टा सोडला. आई माझ्या शेजारून ओसरीवर गेली, करवंटीत पाणी घेतलं, हात धुवायला लागली. पाणी पायऱ्यांवरून खाली आलं. पास्कालिया फाटकातूनच परत वळली.

“इना बोलली,” वुए म्हणाली. तिच्या आवाजात आनंद आणि भीती दोन्ही एकदम होती. “नोना, इना बोलली, मी ऐकलं, इतकं स्वच्छ. कुणाचं मढं? घरात कोण गेलं?”

मी अंगणात आले. फरशीवर कोकोच्या बिया होत्या, त्या हाताने बाजूला लोटल्या आणि रोजच्या जागी बसले, क्रूसाला पाठ लावून. फरशी तापली होती. फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“नोना, बोल ना. कोण गेलं गं आपल्यातलं?”

“तू,” मी म्हटलं. “तू गेलीस, वुए. नऊ वर्षं झाली. फोन एकही बहिरा नव्हता. तुझा आवाज आला की इना हात उचलते, आणि आत्ता जो माग तू ऐकलास तो माझा होता. ते कापड इथेच आहे, अंगणात, पुरलेलं. वर तुझं नाव आहे. मी तुझ्यावरच बसून बोलतेय.”